दिशासंकेतकाचा दोष : लक्षण आणि संकेत यांचा एक इतिहास

(१)

मोटारगाडी वळविण्यापूर्वी चालक जो दिवा मिचकावतो, त्याच्याविषयीची एक साधी गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ज्याने हा संकेत दिला त्याला तो दिसत नाही. आणि ज्याला तो दिसतो त्याला तो खरा की खोटा हे पडताळून पाहता येत नाही. बोलणारा मनुष्य आपले बोलणे स्वतः ऐकत असतो. जीभ अडखळली तर ते प्रथम त्याच्याच कानी येते. लिहिणाऱ्याला आपले अक्षर दिसते. मोटारचालकाची मात्र आपल्या संकेताकडे पाठ असते. गाडीच्या मागील कोपऱ्यातील बल्ब जळून गेला असला तरी त्याच्या हाताखालचा खटका पूर्वीप्रमाणेच वर-खाली होतो, आणि आपण सांगितले ते लोकांना कळले या समजुतीने तो वळण घेतो.

येथे आणखी एक अडचण आहे. बंद पडलेला दिवा केवळ मुका राहतो असे नाही. संस्कृत व्याकरणाचा परिचय असलेल्या वाचकांस पाणिनीची लोपाची कल्पना ठाऊक असेलच. प्रत्यय प्रत्यक्ष दिसत नसला तरी त्याच्या न दिसण्यालाच व्याकरणात स्थान असते. मराठीत ‘घर पडले’ असे म्हटले म्हणजे ‘घर’ या शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लागलेला दिसत नाही. तथापि तेथे विभक्ती नाही असे आपण म्हणत नाही. रस्त्यावरही हाच न्याय लागू पडतो. दोन्ही बाजूंचे दिवे विझलेले असणे याचा अर्थ ‘मी सरळ जात आहे’ असा होतो, आणि मागून येणारा त्याच अर्थावर विसंबून आपली गाडी पुढे काढतो. म्हणून निकामी झालेला दिशासंकेतक गप्प बसत नाही. तो चक्क खोटे बोलतो. चालकाच्या मनात लबाडी नसताना त्याच्या गाडीने सांगितलेले हे असत्य एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

या दृष्टीने पाहिले असता दिशासंकेतकाचा इतिहास हा केवळ नव्या नव्या उपकरणांचा इतिहास राहत नाही. आपला संकेत बिघडला आहे हे चालकाला कोणत्या मार्गाने कळावे, या प्रश्नाला निरनिराळ्या काळी मिळालेल्या उत्तरांचा तो इतिहास होय. प्रस्तुत लेखात त्या उत्तरांचा क्रम लावण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी दोन शब्दांतील भेद आरंभीच स्पष्ट करणे इष्ट होईल. धुरावरून अग्नीचे अनुमान होते. धूर आणि अग्नी यांचा संबंध कोणी ठरविलेला नसून तो कार्यकारणाचा आहे. अशा चिन्हाला येथे ‘लक्षण’ म्हटले आहे. उलट ‘अग्नी’ हा शब्द आणि त्याचा अर्थ यांचा संबंध समाजाने मान्य केलेला असतो; तो ‘संकेत’ होय. नैयायिकांनी अनुमान आणि शब्द ही दोन प्रमाणे वेगळी मानली, आणि अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) याने आपल्या चिन्हमीमांसेत असाच भेद केला. दिशासंकेतकाच्या दोषाची कथा ही लक्षणाचे संकेतात रूपांतर होत गेल्याची कथा आहे.

(२)

मोटारीच्या आरंभकाळी संकेत देण्याचे काम हाताकडे होते. भारतात १९८९ साली केलेल्या रस्त्यावरील वाहतुकीच्या नियमावलीतही हे हस्तसंकेत तपशिलाने सांगितलेले होते. उजवीकडे वळावयाचे असल्यास उजवा हात तळवा पुढे करून आडवा बाहेर काढावयाचा. डावीकडे वळावयाचे असल्यास तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावयाचा. यांतील पहिला संकेत दिशेकडे सरळ बोट दाखविणारा आहे, तर दुसरा पूर्णपणे रूढीवर आधारलेला आहे. कारण उघड आहे. उजव्या बाजूस बसलेल्या चालकाचा हात डाव्या खिडकीबाहेर पोहोचत नाही. म्हणून डावी दिशा उजव्या हातानेच सांगणे भाग पडले.

‘हात दाखवून अवलक्षण’ ही आपली म्हण सामुद्रिकाच्या व्यवसायातून आली. रस्त्यावर दाखविलेल्या हाताला मात्र अवलक्षणाची भीती नव्हती. हात हा चालकाच्याच शरीराचा भाग असल्यामुळे तो बाहेर गेला की नाही हे त्याला वेगळे विचारावे लागत नसे. संकेत आणि संकेत देणारा यांच्यामध्ये कोणतेही यंत्र नव्हते, म्हणून बिघाडही नव्हता. हाताच्या उणिवा वेगळ्या होत्या. तो रात्री दिसत नसे, पावसात बाहेर काढणे नकोसे होई, आणि बंद गाड्या प्रचारात आल्यावर त्याची अडचण अधिकच वाढली. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील १२० वे कलम या संदर्भात पाहण्याजोगे आहे. ज्या गाडीचे स्टिअरिंग डाव्या बाजूस आहे, तिला यांत्रिक किंवा विद्युत् संकेतसाधन बसविलेले असल्याखेरीज आणि ते चालू स्थितीत असल्याखेरीज ती सार्वजनिक ठिकाणी चालविता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. जेथे हात पोहोचत नाही तेथे यंत्र हवे, हा यंत्रसंकेताच्या जन्माचा मूळ हेतू या कलमात स्पष्ट दिसतो. साधन नुसते असणे पुरेसे नाही, ते चालू असले पाहिजे, ही अटही तेवढीच महत्त्वाची आहे.

(३)

पहिली यांत्रिक साधने हाताचे अनुकरण करणारी होती. पर्सी डग्लस-हॅमिल्टन यास १९०९ साली अमेरिकेत मिळालेल्या पेटंटातील उपकरणाची कल्पना हस्तसंकेतावरच बेतलेली होती. मूकपटांतील अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स हिने १९१४ च्या सुमारास गाडीच्या मागे वर-खाली होणारा संकेतबाहू योजिल्याचे श्रेय तिला दिले जाते. त्याचे पेटंट मात्र तिने घेतले नाही. १९२८ साली जर्मनीतील बोश कंपनीने विद्युत् दिशादर्शक बाजारात आणला. रेल्वेच्या सिग्नलच्या हाताप्रमाणे हा लहानसा बाहू गाडीच्या दोन दारांमधील खांबात मिटलेला असे. खटका दाबला की विद्युत्चुंबक त्याला ओढून आडवा करी आणि त्याच्या आत बसविलेला छोटा बल्ब पेटे. इंग्लंडात या उपकरणास ‘ट्रॅफिकेटर’ हे नाव पडले. मॉरिस मायनर गाडीवर ते १९६१ पर्यंत राहिले, आणि फोल्क्सवागेनच्या ‘बीटल’ गाडीवर जर्मनीत १९६० पर्यंत.

संकेताचा बिघाड म्हणजे काय, हे चालकांना प्रथम या बाहूने शिकविले. खांबाच्या खाचेत धूळ आणि गंज साचला की बाहू अडके. चुंबक ओढ देई, पण बाहू बाहेर येत नसे. कधी तो वर जाई आणि खाली येण्याचे नाकारी. बिजागरीपाशी तार प्रत्येक वेळी वाकत असल्यामुळे ती कालांतराने तुटे. मग बाहू उठे, पण अंधारात दिसत नसे. या तिन्ही दोषांची कारणे वेगवेगळी होती, तरी त्यांचे निदान एकाच प्रकारे होई: मान वळवून पाहणे. अडकलेल्या बाहूवर खांबाला मुठीचा ठोसा देणे हा त्या काळचा रूढ उपचार होता, आणि तो बहुधा लागू पडे. दोष दिसत असे, पण पाहिल्यासच दिसे. चालकाला आपणहून हाक मारील असे कोणतेही लक्षण या यंत्राजवळ नव्हते.

(४)

यानंतर संकेताचे रूपच पालटले. ब्युइक कंपनीने १९३९ च्या आपल्या गाड्यांवर मिचकावणारे दिशादर्शक दिवे कारखान्यातूनच बसवून दिले. आरंभी ते मागील बाजूसच होते. १९४० मध्ये पुढील बाजूसही आले, आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग सरळ होताच खटका आपोआप पूर्ववत होण्याची सोयही त्याच वर्षी झाली. हाताशी असलेले साम्य येथे संपले. आडवा बाहू दिशा ‘दाखवीत’ होता. मिचकावणारा दिवा ती ‘सांगतो’. तो गाडीच्या कोणत्या बाजूस आहे एवढाच त्याचा दिशेशी संबंध उरला.

दिवा मिचकावण्यासाठी जे छोटे उपकरण वापरले गेले, त्याला आपल्या गॅरेजांतून ‘फ्लॅशर’ म्हणतात. त्याच्या एका प्रचलित प्रकारात उष्णतेने वाकणारी द्विधातू पट्टी असते. दोन धातू तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून एकमेकांना जोडलेली त्यांची पट्टी तापली की वाकते. दिव्यांकडे जाणारा प्रवाह या पट्टीला तापवितो; पट्टी वाकते, जोड सुटतो, दिवे विझतात; पट्टी निवते, जोड पुन्हा जुळतो, दिवे पेटतात. प्रत्येक वेळी होणारा ‘टक्’ असा आवाज चालकाच्या कानी पडतो.

या रचनेत एक मोठा लाभ अनायासे झाला. पट्टीला तापविणारा प्रवाह हा दिव्यांचाच प्रवाह असल्यामुळे दिव्यांचे कुशल तिला आपोआप कळे. बारा व्होल्टच्या गाडीत पुढचा आणि मागचा असे २१ वॅटचे दोन बल्ब धरले तर त्यांतून एकूण साडेतीन अँपिअर प्रवाह वाहतो. त्यांपैकी एक बल्ब जळाला की प्रवाह पावणेदोन अँपिअरवर येतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळजवळ चतुर्थांश उरते. इतक्या उष्णतेत पट्टी पुरेशी वाकत नाही. परिणामी मिचकावणे मंदावते, अथवा उरलेला बल्ब न मिचकावता तसाच जळत राहतो. दोन्ही बल्ब गेले तर प्रवाहच नाही, आणि आवाजही नाही.

अशा रीतीने चालकाला आपल्या पाठीमागील दोष समोर बसून कानाने कळू लागला. हे ज्ञान त्याला देण्यासाठी वेगळी योजना करावी लागली नव्हती. धुरावरून अग्नी ओळखावा तसा आवाजाच्या लयीवरून तो बल्बाचा मृत्यू ओळखू शके. येथे लक्षण हे खऱ्या अर्थाने लक्षण होते. ते खोटे बोलत नसे असे नव्हे. बॅटरी उतरली असली तरीही लय मंदावे. पण ते जे बोले ते कारणाच्या नियमानेच बोले.

या लाभाची किंमत पुढे कळून आली. गाडीला मागून दुसरी गाडी जोडली आणि दिव्यांची संख्या वाढली की पट्टी अधिक तापे आणि लय बिघडे. त्यावर उपाय म्हणून, दिवे कितीही असोत, एकाच गतीने चालणारे फ्लॅशर तयार झाले. गती स्थिर झाली, पण त्याबरोबर साक्षही गेली. कारण जे उपकरण भारातील फरकाने विचलित होत नाही, ते बल्ब जळाल्यानेही विचलित होणार नाही.

(५)

या काळात कारागिरांची जी निदानपद्धती तयार झाली, ती भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ओळखीची वाटेल. पतंजलीने महाभाष्यात शब्दातील प्रकृतीचा अर्थ कोणता आणि प्रत्ययाचा कोणता, हे ठरविण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक यांचा उपयोग केला आहे. ‘वृक्षः’ आणि ‘वृक्षौ’ ही दोन रूपे शेजारी ठेवली की काय कायम राहिले आणि काय बदलले हे दिसते. जे रूप कायम राहिले त्याचा कायम राहिलेल्या अर्थाशी, आणि जे बदलले त्याचा बदललेल्या अर्थाशी संबंध लावता येतो. दिशासंकेतकाच्या दोषाचा शोधही याच मार्गाने घेतला जातो.

डावी बाजू चालते, उजवी चालत नाही, अशी स्थिती असेल तर दोन्ही बाजूंना समान असलेले भाग, म्हणजे फ्यूज आणि फ्लॅशर, सर्वसाधारणपणे निर्दोष ठरतात. दोष उजवीकडील बल्ब, त्याचा होल्डर, तिकडची तार किंवा खटक्यातील त्या बाजूचा जोड यांत शोधावा. दोन्ही बाजू बंद असतील तर प्रथम समाईक भागांकडे वळावे. चारही दिवे एकदम मिचकावणारा धोक्याचा खटका दाबून पाहिल्यास आणखी भेद कळतो. ज्या गाडीत दोन्ही कामांना एकच फ्लॅशर आहे, तेथे धोक्याचे दिवे नीट मिचकावत असतील तर फ्लॅशर आणि बल्ब यांवरील संशय फिटतो. उरतो तो वळणाचा खटका, अथवा त्याचा स्वतंत्र फ्यूज. जुन्या काही गाड्यांत दोन फ्लॅशर वेगळे असत. तेथे हे अनुमान लागू पडणार नाही. म्हणजे निदानाचा नियम यंत्राच्या रचनेशी बांधलेला असतो.

एक दोष विशेष फसवा आहे. मागील दिव्यांच्या संचाचा गाडीच्या सांगाड्याशी असलेला जोड, ज्याला कारागीर नुसते ‘अर्थ’ म्हणतात, गंजाने बिघडला की प्रवाहाला परतण्याची नेहमीची वाट मिळत नाही. मग तो शेजारच्या बल्बांच्या तंतूंतून वाट काढतो. वळणाचा दिवा मंद जळतो, आणि त्याच्याच लयीत मागचा लाल दिवा किंवा ब्रेकचा दिवा अंधूकपणे लुकलुकतो. अशा वेळी बल्ब बदलीत बसणे व्यर्थ होय. एका संकेताची खूण दुसऱ्या संकेताच्या ठिकाणी उमटू लागली की दोष त्या दोहोंच्या समाईक आधारात असतो, हे सूत्र येथे कामी येते.

(६)

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रान्झिस्टरवर चालणारे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आले. यांतील लय उष्णतेवर अवलंबून नसते. ती स्वतंत्र सर्किट ठरविते. म्हणून बल्ब जळाल्याने ती आपोआप बदलण्याचे कारण राहिले नाही. परंतु चालकाला दोष कळविण्याची सोय सोडून देणे इष्ट नव्हते. तेव्हा प्रवाह मोजण्याची योजना करून, तो ठरावीक मर्यादेखाली गेल्यास लय सुमारे दुप्पट व्हावी अशी रचना करण्यात आली. ‘इंडिकेटर फास्ट मारतोय’ ही आज गॅरेजात ऐकू येणारी तक्रार या रचनेतून आलेली आहे.

येथे जे घडले ते लक्षात घेण्याजोगे आहे. वर वर्णिलेल्या द्विधातू पट्टीच्या फ्लॅशरमध्ये एक बल्ब गेला म्हणजे लय मंद होई. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये ती जलद होते. दोष तोच, चिन्ह उलट. पहिले चिन्ह कारणातून निपजले होते. दुसरे रचनाकारांनी ठरविले. लक्षणाची जागा संकेताने घेतली. शब्दांच्या इतिहासातही असे घडते. वेदनेने आपोआप निघणारा ध्वनी आणि ‘अरेरे’ हा शब्द यांत हाच फरक आहे. शब्द झाल्यावर तो वेदना नसतानाही उच्चारता येतो.

कायद्याच्या भाषेत हा सगळा इतिहास गोठलेला दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या वाहनविषयक नियमांत दिव्याने मिनिटाला ९० वेळा, तीस कमी किंवा तीस अधिक, मिचकावावे असे म्हटले आहे. भारताच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ६० ते १२० ही मर्यादा त्याच्याशी जुळते. त्याच युरोपीय नियमांत असेही सांगितले आहे की, दिशादर्शक बिघडल्यास चालकासमोरील सूचक दिव्याने विझावे, किंवा न मिचकावता जळत राहावे, किंवा आपली गती ठळकपणे बदलावी. या तीनही पर्यायांत जुन्या उपकरणांच्या स्वाभाविक वर्तनाच्या खुणा ओळखू येतात. जे एकेकाळी घडत होते, ते आता घडविले पाहिजे असा दंडक झाला.

संकेत झाल्यामुळे त्याची दिशाभूल होण्याची शक्यताही वाढली. एलईडी दिव्याला जुन्या बल्बच्या मानाने फारच थोडा प्रवाह पुरतो. जुन्या गाडीत मालकाने हौसेने एलईडी बसविला की फ्लॅशर त्याला मृत बल्ब समजतो आणि लय जलद करतो. दिवे मात्र चांगले जळत असतात. यावर उपाय म्हणून दिव्याला समांतर असा रेझिस्टर जोडतात. तो जुन्या बल्बइतका प्रवाह ओढून त्याची उष्णता करतो आणि फ्लॅशरचे समाधान होते. परंतु पुढे खरोखरच एलईडी बंद पडला, तरी रेझिस्टर प्रवाह ओढीतच राहील आणि फ्लॅशर सर्व कुशल असल्याचे सांगत राहील. खोटी तक्रार बंद करण्याच्या नादात खऱ्या तक्रारीचेही तोंड बांधले जाते. त्यापेक्षा एलईडीसाठी केलेला फ्लॅशर बसविणे बरे. पण तो भाराकडे लक्ष देत नसेल तर साक्ष तेथेही नाही, हे ओळखून दिवे वेळोवेळी स्वतः पाहिले पाहिजेत.

काही दुचाकींवर याहून चमत्कारिक प्रकार आढळतो. त्यांत चालकासमोरचा एकच सूचक दिवा डाव्या आणि उजव्या सर्किटांच्या मध्ये जोडलेला असतो, आणि त्याचा प्रवाह विरुद्ध बाजूच्या बल्बांतून परततो. जुन्या बल्बांना तेवढ्या प्रवाहाने काहीच होत नसे. एलईडीला मात्र तो पुरतो, आणि एका बाजूचा खटका दाबला असता चारही दिवे मिचकावू लागतात. डावे आणि उजवे हा ज्या संकेताचा एकमेव भेद, तोच येथे नाहीसा होतो. ‘क’ आणि ‘ख’ यांतील भेद लोपला तर ‘काण’ आणि ‘खाण’ हे शब्द वेगळे राहणार नाहीत; तसेच हे आहे.

(७)

यंत्र निर्दोष असूनही संकेत सदोष असू शकतो, याचेही एक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. महामार्गावर पुढे चाललेला ट्रक उजवीकडील दिवा मिचकावतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘मी उजवीकडे वळत आहे’ असा कायद्याने होतो. परंतु चालकांच्या रूढीत तोच दिवा ‘तुम्ही पुढे निघा’ असेही सांगतो. एकाच रूपाचे हे दोन अर्थ परस्परविरोधी आहेत. एका अर्थाने उजवी बाजू मोकळी असते, दुसऱ्याने ती लवकरच अडणार असते. भाषेत समान रूपाच्या शब्दांचा अर्थ संदर्भाने उलगडतो, आणि चूक झाली तर पुन्हा विचारता येते. रस्त्यावर पुन्हा विचारण्यास अवकाश नसतो. या दोषाचे निदान कोणताही फ्लॅशर करणार नाही.

वरील विवेचनावरून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. हातापासून बाहूपर्यंत, बाहूपासून पट्टीपर्यंत आणि पट्टीपासून इलेक्ट्रॉनिक सर्किटापर्यंत संकेत जसजसा चालकापासून दूर गेला, तसतशी त्याच्या बिघाडाची वार्ता चालकापर्यंत आणण्याची जबाबदारी वाढत गेली. काही काळ ती निसर्गनियमानेच पार पडली. पुढे ती ठरवून पार पाडावी लागली. आज अनेक गाड्यांत तो ‘टक् टक्’ आवाजदेखील पट्टीचा नसून ध्वनिक्षेपकातून काढलेला असतो. तो दिव्याच्या प्रकृतीची साक्ष देतो की केवळ खटका दाबल्याची पोच, हे त्या त्या गाडीच्या रचनेवर अवलंबून आहे. म्हणून लय मंद झाली किंवा जलद झाली एवढ्यावरून दोष सांगता येत नाही. ती कोणत्या जातीच्या उपकरणाची लय आहे हे आधी ठाऊक असावे लागते. चिन्हाचा अर्थ त्याच्या इतिहासावाचून लागत नाही, हे शब्दाइतकेच या दिव्यालाही लागू आहे. आणि ज्याला तो इतिहास ठाऊक नसेल, त्याच्यासाठी सर्वांत जुना उपाय अजूनही उपलब्ध आहे: प्रवासाला निघण्यापूर्वी दिवा लावावा, खाली उतरावे, आणि गाडीच्या मागे जाऊन डोळ्यांनी पाहावे.